दोन लाखांत एक, कतारमध्ये अठराशेत एक

प्रश्न : आमच्या मुलीचा जन्म दोह्यात झाला. जन्मानंतर नर्सनं तिच्या टाचेला टोचून जाड कागदावर रक्ताचे थेंब घेतले. कशासाठी, असं विचारल्यावर तिनं सांगितलेल्या यादीत ‘होमोसिस्टिन्युरिया’ असं एक नाव होतं. आम्ही दोघांनीही ते कधी ऐकलं नव्हतं. सांगलीला माझ्या बहिणीच्या बाळाची अशी काही तपासणी झाली नाही. इतक्या दुर्मिळ आजारासाठी सगळ्याच बाळांना टोचायचं कारण काय? इथल्या हमद हॉस्पिटलमधले डॉक्टर दुर्मिळ केसेसवर सारखे पेपर लिहितात असंही ऐकतो. एवढ्याशा देशात एवढ्या दुर्मिळ केसेस येतात तरी कुठून?
— एक वाचक, दोहा

उत्तर : एखादा आजार दुर्मिळ म्हटला की तो सगळीकडे सारखाच दुर्मिळ, असं आपण धरून चालतो. होमोसिस्टिन्युरियाचा जगभरचा ढोबळ अंदाज दोन ते तीन लाख बाळांत एक असा आहे. आयर्लंडमध्ये तो साधारण पासष्ट हजारांत एकाला होतो. कतारी नागरिकांच्या बाळांत मात्र त्याचं प्रमाण सुमारे 1,800 बाळांत एक आहे. जगात नोंदलेलं हे सर्वाधिक प्रमाण. म्हणजे ज्या आजाराचा मुंबईतल्या बालरोगतज्ज्ञाला जन्मभरात एखादा रुग्ण दिसेल न दिसेल, तो आजार दोह्यातल्या डॉक्टरच्या ओळखीचा असतो.

आजार काय आहे ते आधी सांगतो. आपण खातो त्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. शरीर वापरताना त्याचं होमोसिस्टीन होतं आणि एक एन्झाइम त्या होमोसिस्टीनची पुढे विल्हेवाट लावतं. हे एन्झाइम जन्मतःच निकामी असेल तर होमोसिस्टीन रक्तात साचत जातं. बाळ जन्मतः अगदी चांगलं दिसतं. पुढे काही वर्षांत डोळ्यातलं भिंग जागचं सरकतं, हाडं लांबतात आणि ठिसूळ होतात, बुद्धीची वाढ मागे पडते. सगळ्यात वाईट म्हणजे ऐन तारुण्यात रक्ताच्या गाठी होतात, पायात, फुप्फुसात, कधी मेंदूत. उंच, सडपातळ, जाड चष्म्याचा मुलगा पाहून पुष्कळदा डॉक्टरला आधी मार्फन सिंड्रोम हा दुसराच आजार आठवतो. जाणता नेत्रतज्ज्ञ इथे एक खूण पाहतो : मार्फनमध्ये भिंग बहुधा वरच्या बाजूला सरकतं, होमोसिस्टिन्युरियात खाली. या आजाराची पहिली नोंद 1962 सालची. बेलफास्ट आणि अमेरिकेतलं विस्कॉन्सिन, अशा दोन ठिकाणच्या डॉक्टरांनी एकमेकांच्या नकळत ती केली होती.

आता कतारच का? हा आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं. कतारी समाज लहान, टोळ्यांनी बांधलेला, आणि नात्यात लग्न करणारा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तिथली 54 टक्के लग्नं नात्यातली निघाली. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे, अरबांत चुलत घराण्यातली सोयरीक पहिल्या पसंतीची. पूर्वी कधीतरी एका पूर्वजात झालेला बदल अशा समाजात घराण्यातच फिरत राहतो. हमदमधल्या डॉक्टरांनी रुग्णांची जनुकं तपासली तेव्हा बहुतेकांत नेमका एकच बिघाड सापडला. जनुकाच्या लांबलचक मजकुरात एका ठिकाणी एकच अक्षर बदललेलं.

इथपर्यंत ही दुर्मिळ केसेसची गोष्ट झाली, आणि पुष्कळ रुग्णालयांत ती इथेच संपते. दोह्यात ती पुढे गेली. 2003 च्या डिसेंबरपासून नवजात बाळांच्या टाचेतलं रक्त कागदावर घेऊन, वाळवून, जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या बालरुग्णालयाकडे विमानानं पाठवलं जाऊ लागलं. मग एक अडचण पुढे आली. जगभरात या आजाराची चाळणी करताना रक्तातलं मेथिओनिन मोजत. पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाच्या पोटात दूध असं कितीसं गेलेलं असतं? मेथिओनिन अजून चढलेलंच नसतं आणि आजारी बाळ चाळणीतून निसटतं. म्हणून संशोधकांनी त्याच वाळलेल्या थेंबातून थेट होमोसिस्टीन मोजायची पद्धत बसवली. बिघाड बहुतेकांत एकच असल्यानं तेवढं एक अक्षर तपासणारी जनुकीय चाचणीही करता आली. 2009 आणि 2010 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. जगातल्या इतर देशांना होमोसिस्टीनची चाळणी एवढ्या मोठ्या प्रमाणावर करून बघणं परवडलंच नसतं. दोन लाख बाळं तपासल्यावर एक सापडणार! कतारला ते परवडलं, कारण आजार तिथे होता.

बाळ वेळेवर सापडलं तर फरक केवढा पडतो? जवळपास सगळाच. मांस, मासे, अंडी, दूध, डाळी मोजून-मापून द्यायच्या, मेथिओनिन काढून टाकलेली प्रथिनांची पावडर द्यायची, जोडीला बीटेन नावाचं औषध. जगातल्या जवळपास निम्म्या रुग्णांना ब जीवनसत्त्वाच्या, म्हणजे बी-6 च्या मोठ्या मात्रेनं उतार पडतो. कतारमधल्या या विशिष्ट बिघाडात तेही लागू पडत नाही. म्हणजे सारी भिस्त पथ्यावर. ज्या घरात पाहुण्यासमोर अख्ख्या मेंढीचा मजबूस भात ठेवतात तिथे पोराला आयुष्यभर ‘हे खाऊ नकोस’ म्हणत राहणं आईबापांना किती जड जात असेल, याची कल्पना केलेली बरी.

तुमच्या मुलीबद्दल. तुम्ही कतारी नसल्यानं त्या विशिष्ट बिघाडाची शक्यता तिला फारच कमी. तरी टोचणं फुकट गेलेलं नाही. त्याच थेंबांतून इतर अनेक आजार पाहतात, आणि त्यातला जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेचा आजार आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नाही. वेळेवर कळला तर स्वस्तातल्या गोळीनं मुलाची बुद्धी वाचते. गोव्यानं 2008 मध्ये सरकारी पातळीवर अशी तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रात ती अजून प्रत्येक बाळाच्या वाट्याला येत नाही. सांगलीच्या बहिणीला बालरोगतज्ज्ञांकडे विचारायला जरूर सांगा.

या होमोसिस्टीनचं पुण्याशी एक नातं आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मध्यमवयीन पुरुष तपासले. त्यांतल्या 67 टक्के पुरुषांत बी-12 कमी निघालं आणि 58 टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेलं. शहरी मध्यमवर्गात तर बी-12 ची कमतरता 81 टक्क्यांना होती. हे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. कारण जनुकीय नव्हतं, ताटातलं होतं. शाकाहारात बी-12 जवळपास दुधा-दह्यातूनच मिळतं. पुण्यातली ही वाढ कतारमधल्या रुग्णांच्या मानानं किरकोळ. पण रसायन तेच, एका गावी अठराशेत एक आणि दुसऱ्या गावी दर दोन पुरुषांत एक.

मग हे किरकोळ वाढलेलं होमोसिस्टीनसुद्धा रक्तवाहिन्या बिघडवत असेल का? 1969 साली किल्मर मॅककली या अमेरिकन डॉक्टरनं अशाच दुर्मिळ आजारांनी दगावलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्या पाहून हा तर्क मांडला. तर्क इतका पटणारा होता की पुढे लोक हृदयविकार टाळायला फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 च्या गोळ्या घेऊ लागले. 2006 मध्ये नॉर्वेतल्या आणि कॅनडातून चालवलेल्या अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरलं, हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. बी-12 कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं; नसा आणि रक्त यांसाठी ते लागतं. हृदयाचा विमा म्हणून मात्र त्या गोळ्या चालल्या नाहीत. दुर्मिळ केस फार तर प्रश्न हातात देते. उत्तरासाठी हजारो सामान्य माणसं मोजावी लागतात.

मोजण्याच्या बाबतीत कतारची एक सोय आहे. हमद मेडिकल कॉर्पोरेशन ही 1979 मध्ये स्थापन झालेली सरकारी संस्था, आणि देशातला गंभीर रुग्ण बहुतेक वेळा तिच्याच दारात येतो. जोडीला वेल कॉर्नेलचं 2001 साली स्थापन झालेलं वैद्यकीय महाविद्यालय, त्यामुळे शिकणारे आणि शिकवणारे वॉर्डात हजर. देशभराच्या नोंदी एकत्र जुळवता येतात. कोविडच्या काळात याचा उपयोग दिसला. फायझरची लस विषाणूच्या बीटा या नव्या प्रकारावर किती चालते, हा प्रश्न जगाला पडला असताना मे 2021 मध्ये संशोधक लैथ अबू-रद्दाद यांच्या गटानं कतारच्या नोंदींवरून उत्तर दिलं : संसर्गाविरुद्ध अल्फा प्रकारावर 89.5 टक्के, बीटावर 75 टक्के. त्याला मर्यादाही होतीच. कतारची वस्ती म्हणजे मुख्यतः कामासाठी आलेली तरुण माणसं, म्हातारे अगदी थोडे. तिथला आकडा उचलून कोकणातल्या एखाद्या गावाला लावता येणार नाही, जिथे तरुणच उरलेले नाहीत.

प्रश्न : उंटापासून माणसाला जीवघेणा आजार होतो, आणि तो कतारमध्येच सापडला, असं एका सहकाऱ्यानं सांगितलं. सुट्टीत आम्ही मुलांना सीलाइनच्या किनाऱ्यावर उंटावर बसवतो. घाबरावं का?
— एक वाचक, अल वक्रा

उत्तर : घाबरू नका, हात धुवा. सहकाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे.

आजाराचं नाव मर्स. 2012 च्या जूनमध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाह इथे एका खाजगी रुग्णालयात न्यूमोनियानं दगावलेल्या रुग्णाच्या कफात अली मोहम्मद झाकी या इजिप्शियन विषाणुतज्ज्ञांना एक अनोळखी विषाणू सापडला. त्यांनी नमुना नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळेकडे पाठवला आणि 20 सप्टेंबरला जगभरच्या डॉक्टरांसाठीच्या सूचनापत्रात चार ओळी लिहिल्या. त्याच सुमाराला दोह्यातून एका कतारी रुग्णाला हवाई रुग्णवाहिकेनं लंडनला हलवलं होतं. त्याची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं, दोन्ही निकामी होत चाललेली, कारण कळत नव्हतं. लंडनच्या डॉक्टरांनी झाकींची सूचना वाचली, तपासलं, आणि तुलना केलेल्या भागात दोन्ही विषाणू 99.5 टक्के सारखे निघाले. एकटी केस विचित्र न्यूमोनिया म्हणून फायलीत बंद झाली असती. दोन जुळल्या आणि नवा आजार उभा राहिला. दुर्मिळ केस लगेच लिहून जगापुढे ठेवण्याला डॉक्टर एवढं महत्त्व का देतात, ते इथे कळावं.

पुढचा धागा मात्र कतारचाच. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये कतारमधल्या एका फार्मशी संबंध असलेल्या दोघांना मर्स झाला. आरोग्य खात्यानं तिथले 14 उंट तपासले; तिघांच्या नाकातल्या नमुन्यांत हाच विषाणू निघाला. उंटांना म्हणावा असा काही त्रास नव्हता, झालंच तर सर्दी. पुढे आफ्रिकेतल्या उंटांचं 1983 पासून साठवून ठेवलेलं रक्त काढून पाहिलं, तर त्यातही विषाणूच्या खुणा होत्या. आजार नवा नव्हताच. कोणी शोधला नव्हता एवढंच.

जगात नोंदलेल्या मर्सच्या रुग्णांपैकी साधारण 35 टक्के दगावले, म्हणून नाव ऐकून धडकी भरते. पण सौदीच्या तुलनेत कतारमधले रुग्ण मोजकेच आहेत आणि फेरी मारून आलेल्या पर्यटकाला धोका फार कमी. मुलांना बसवा. उंटाच्या तोंडा-नाकाशी खेळू देऊ नका, उतरल्यावर साबणानं हात धुवा. उंटिणीचं कच्चं दूध ‘ताजं आहे, औषधी आहे’ म्हणून कुणी कितीही आग्रहानं दिलं तरी पिऊ नका, उकळलेलं चालेल. घरात मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर त्यानं उंटापासून लांबच राहावं. आणि परत आल्यावर पंधरवड्याच्या आत ताप-खोकला झाला तर उंटाजवळ गेलो होतो हे डॉक्टरला आपणहून सांगा. भारतात सुट्टीवर आला असाल तर जास्तच, कारण सातारच्या डॉक्टरला ते विचारायचं सुचणार नाही.

प्रश्न : मी जन्मापासून शाकाहारी. फिट आली म्हणून दोह्यात दाखवलं, तर मेंदूत ‘डुकराच्या जंताची’ गाठ निघाली. मला विश्वासच बसत नाही. चूक झाली असेल का?
— एक वाचक

उत्तर : निदान बरोबर असू शकतं. डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर पोटात फीतकृमी होतो, मेंदूतली गाठ होत नाही. गाठ होते ती कृमीची अंडी पोटात गेल्यानं, आणि ही अंडी असतात ज्याच्या पोटात कृमी आहे त्या माणसाच्या विष्ठेत. तिथून न धुतलेल्या हातांवर, कोशिंबिरीवर, पाण्यात. भारतात फिट येण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे आणि शाकाहाऱ्यांना त्यात सूट नाही. कतारमध्ये डुक्कर पाळत नाहीत, तरी भारत-नेपाळहून गेलेल्या कामगारांत हा आजार दिसतो. हमदच्या डॉक्टरांनी कतारी नागरिकांतले रुग्णही नोंदले आहेत. अशी बातमी आली की स्वयंपाकी किंवा मोलकरीण यांच्याकडे बोट दाखवायची घाई होते. ती करू नका. कोणाच्या पोटात कृमी आहे हे विष्ठा तपासल्यावर कळतं, पासपोर्ट पाहून नव्हे. आणि साध्या औषधानं तो जातो. तुमची गाठ औषधांनी बहुधा बरी होईल. फिटच्या गोळ्या मात्र डॉक्टर सांगेपर्यंत थांबवू नका.

प्रश्न : माझ्या नवऱ्यावर शस्त्रक्रिया झाली. आता डॉक्टर म्हणतात की केस दुर्मिळ आहे, फोटो आणि स्कॅन जर्नलमध्ये छापायचे आहेत, सही द्या. शिवाय एका औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का, असंही विचारलं. नाही म्हटलं तर उपचारावर किंवा व्हिसावर परिणाम होईल, अशी त्यांना भीती वाटते.
— एक वाचक, दोहा

उत्तर : या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि दोन निराळ्या सह्या.

पहिली केस रिपोर्टची. उपचार होऊन गेलेले असतात, डॉक्टर फक्त घडलं ते लिहितो. मला विचाराल तर असं लिहिणं चांगलंच. 1952 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह, कुठल्याच गटात न बसणारं रक्त पाहून ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं नसतं, तर बॉम्बे रक्तगट जगाला तेव्हा कळला नसता. युरोपात हा गट दहा लाखांत एकाचा, आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा. अशा माणसाच्या कार्डावर नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ लिहिलं जाऊ शकतं, आणि ओ गटाचं रक्त चढवलं तर त्याचा जीव जाऊ शकतो. मोठं रुग्णालयच लागतं असंही नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्ररात्र उशाशी बसून पाहिले, 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ला कळवलं, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं कोकणातली माणसं वाचवली.

सही करण्याआधी एक गोष्ट मात्र बघा. जर्नलमध्ये नाव छापत नाहीत, पण ‘42 वर्षांचा भारतीय क्रेनचालक’ एवढं लिहिलं तरी लहानशा मराठी वर्तुळात ओळख पटते. हुद्दा, कंपनी, गाव, चेहरा, गोंदण यांतलं काय छापणार ते विचारा आणि नको असेल ते काढायला सांगा. मजकूर छापण्यापूर्वी दाखवा म्हणायचाही तुम्हाला हक्क आहे. एकदा छापलं की परत घेता येत नाही.

दुसरी गोष्ट औषधाच्या चाचणीची. इथे अजून न सिद्ध झालेली गोष्ट तुमच्या नवऱ्याच्या शरीरावर होणार असते. 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून जगभर मान्य झालेला नियम असा की सहभाग स्वेच्छेचा, कधीही बाहेर पडता येतं, आणि नकारामुळे नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. दोह्यातही रुग्णालयाच्या नीतिसमितीनं मान्यता दिल्याशिवाय अशी चाचणी होत नाही. नियम असला तरी भीती खरी असते, विशेषतः ज्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कंपनीच्या हातात आहे त्याची. म्हणून डॉक्टरांना समोरच विचारा : कंपनीला यातलं काही कळणार आहे का? चाचणीत नसतो तर यांना कुठलं औषध दिलं असतं? दुष्परिणाम झाला तर खर्च कोण करणार? आम्ही भारतात परत गेलो तर पुढे कोण बघणार? या चारांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर नाही म्हणा. कारण सांगावं लागत नाही.

संमतीपत्र इंग्रजीत किंवा अरबीत असेल आणि नीट समजत नसेल तर हिंदीत समजावून मागा. हमदमध्ये हिंदी बोलणारा माणूस मिळायला अडचण नाही. कागद घरी आणा, रात्री दोघांनी बसून वाचा, सही दुसऱ्या दिवशी करा. आणि सही केलीत तर तिची एक प्रत मागून घ्या. ती जपून ठेवा, भारतातल्या डॉक्टरला पुढे ती लागेल.